हो, पण खरं कारण काय?

माणूस परदेशी निघतो तेव्हा त्याला कुणी कारण विचारत नाही. पेढे वाटले जातात, ‘कुठली कंपनी?’ आणि ‘पगार किती, रुपयांत सांग’ एवढ्या दोन प्रश्नांत विषय मिटतो. जाण्याचं कारण सगळ्यांना आधीपासून ठाऊकच असतं. पंचाईत होते ती परत आल्यावर. तेव्हा अख्खा गोतावळा चौकशी आयोग होऊन बसतो.

‘आई एकटी होती, मुलीला मराठी वाचता यावं असं वाटत होतं, आणि आम्हालाही यायचं होतं’ हे माझं उत्तर आजवर एकाही माणसाला पटलेलं नाही. लोक ते शांतपणे ऐकतात, मान हलवतात, चहाचा घोट घेतात, मग खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज उतरवून विचारतात, ‘हो, पण खरं कारण काय?’

खरी कारणं लोकांनी आपापसात ठरवून टाकली आहेत. सर्वांत मान्यता नोकरी गेल्याच्या तर्काला आहे. जर्मनीत मोटार उद्योगाचे दिवस फिरलेत हे पेपरात येऊन गेलंय, त्यामुळे त्याला छापील पुरावाही आहे. बायकोचं तिकडे मन रमेना, असं माझ्या बाजूचे नातेवाईक म्हणतात. माझंच तिकडे कुणाशी जमेना, असं तिच्या बाजूचे म्हणतात. एक मत जमिनीचं आहे. नाशिकला मखमलाबादकडे आमची गुंठाभरही जागा नाही, पण हे मत पसरल्यापासून मला दोन एजंटांचे फोन येऊन गेले. ‘भाव अजून वाढणार आहे, साहेब, थांबलात ते बरं केलंत,’ असं एकानं मला सांगितलंसुद्धा. आई सुरुवातीला सगळ्यांशी भांडायची. आता ज्याला जे कारण आवडेल ते ती त्याला देऊन टाकते. ‘एवढ्या लांबून रिक्षा करून येतात,’ ती म्हणते, ‘रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?’

आम्ही दहा-अकरा वर्षं स्टुटगार्टला होतो. नाशिकच्या माणसानं स्टुटगार्टला जाणं यात आता काही अप्रूप उरलेलं नाही. इथल्या मायको सर्कल चौकाला ज्या कारखान्यामुळे नाव पडलं, त्याच्या मालक कंपनीचा जन्मच मुळी १८८६ सालचा, स्टुटगार्टमधला. शिवाय तिकडेही डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, इकडेही द्राक्षं. तिकडेही शहर खोलगट भागात वसलेलं आणि कुठूनही कुठं जायचं तर आधी चढ नाहीतर आधी उतार. थोडक्यात, मी फार लांब गेलो होतो असं मला स्वतःला कधी वाटलं नाही. पण मला काय वाटतं याला इथं कुणी विचारत नाही, हे आल्यावर आत्याच्या घरी जेवायला गेलो तेव्हाच कळलं.

‘तिकडे काय बाबा,’ आत्या पोळी वाढत म्हणाली, ‘गाडी आली की आपलं घड्याळ लावून घ्यावं.’

मी सरळ मनानं सांगायला गेलो. म्हटलं, आत्या, २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या शंभरात बासष्ट-त्रेसष्टच वेळेवर पोहोचल्या. आणि त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत, तो वगळून ही गत आहे.

आत्यानं माझ्याकडे कणवेनं पाहिलं. ‘तुझ्या लाइनला असेल तसं. आमच्या वन्सं गेल्या होत्या युरोपला, त्यांची एकसुद्धा गाडी चुकली नाही.’

वन्सं सबंध सहल टूरवाल्याच्या बसमधून फिरल्या होत्या. पण हे बोलून मी माझी दुसरी पोळी धोक्यात घातली नाही.

परतलेल्या माणसाकडून लोकांना माहिती नको असते, दुजोरा हवा असतो. जर्मनी म्हणजे शिस्त, स्वच्छता आणि एकटी पडलेली म्हातारी माणसं, हे इथं पक्कं झालेलं आहे. तुम्ही तिथं राहून आलात एवढ्यावरून त्यात ढवळाढवळ करण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. तिकडे तरी काय वेगळं होतं? कॅन्टीनमधल्या लोकांना माझ्याकडून गर्दी, मसाले आणि ध्यानधारणा एवढंच हवं असायचं. आमच्याकडे रविवारी सकाळी लोक गाडी काढून शहराबाहेर मळ्यात मिसळ खायला जातात आणि तिथे टेबलासाठी नंबर लावून थांबतात, हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की ते नम्रपणे ऐकून घेत आणि पुन्हा योगासनांकडे वळत. इतकी वर्षं तिकडे भारताची वकिली केली, आता इकडे जर्मनीची करतो, आणि दोन्हीकडे पक्षकाराचं म्हणणं मला मांडू दिलं जात नाही.

हल्ली मी फक्त ‘हो ना’ म्हणतो. त्यातून एक लक्षात आलं: परत येणारे बहुतेक जण दोनपैकी एका वाटेला लागतात. एक ‘आमच्या तिकडे’वाले, ज्यांना इथल्या नळाच्या पाण्यापासून हळदीकुंकवापर्यंत सगळ्यात खोट दिसते. दुसरे ‘आपल्यासारखं कुठं नाही’वाले, जे कंटाळून परत आलेले असतात आणि खड्ड्यातून स्कूटर आपटली तरी ‘बघा, किती जिवंत वाटतं!’ म्हणतात. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते. पहिल्यांना निदान खड्डा दिसलेला असतो.

परदेशातून आलेल्याला शुद्ध करून घेण्याचं काम नाशिकला नवीन नाही. १८९१ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, तेव्हा राजकोटला नेण्याआधी थोरल्या भावानं त्यांना इथं आणलं आणि गोदावरीत स्नान घातलं. समुद्र ओलांडला म्हणून जातीनं त्यांना वाळीत टाकलं होतं, त्यावरचा हा उतारा. पुढे राजकोटला जातभोजन झालं. हा सगळा प्रकार आपल्याला रुचला नव्हता, असं गांधीजींनी आत्मकथेत नमूद केलंय. मी ते वाचलं आणि मला त्यांचा हेवा वाटला. एक बुडी मारायची, एक पंगत घालायची, की माणूस मोकळा. त्यांना केवायसी करावं लागलं नव्हतं.

आता पंचगव्याची जागा पाच कागदांनी घेतली आहे: पॅन, आधार, पासपोर्ट, वीजबिल आणि रद्द केलेला चेक. कायमचं परत आलं की एनआरई खातं तसंच ठेवता येत नाही, ते निवासी करून घ्यावं लागतं. नियम रास्त आहे, माझी काही तक्रार नाही. मी बँकेत गेलो, कागद मांडले, काउंटरवरच्या ताईंनी ते पत्ते पिसल्यासारखे लावून घेतले आणि विचारलं, ‘ओटीपी आला का?’

‘नंबर जुना आहे. तो मी वापरत नाही आता.’

‘मग आधी नंबर बदलून घ्या.’

‘तो कसा बदलायचा?’

‘सोप्पंय. जुन्या नंबरावर ओटीपी येईल.’

माझा जुना नंबर मधल्या काळात कंपनीनं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला होता. मी बँकेच्या जिन्यात उभा राहून त्या नंबरावर, म्हणजे एका अर्थी स्वतःलाच, फोन लावला. पलीकडे भुसावळकडचे एक गृहस्थ होते. मी भीत भीत सांगितलं की या नंबराचा मी आधीचा मालक.

‘अरे वा!’ त्यांचा आवाज एकदम आपुलकीनं भरून आला. ‘तुम्हीच का ते? तुमचे मेसेज मीच वाचतो. तुमची एफडी मार्चमध्ये मॅच्युअर झाली बरं का. आणि विम्याचा हप्ता राहिलाय.’

मी आभार मानले. म्हटलं, आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?

पलीकडे बराच वेळ शांतता.

‘साहेब,’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलंय.’

‘अहो, पण तो माझाच आहे!’

‘सगळे असंच सांगतात.’ आणि त्यांनी फोन ठेवला. इतका प्रामाणिक माणूस माझ्या ठेवींवर इतकी वर्षं लक्ष ठेवून होता, याचं मला खरंच बरं वाटलं.

शेवटी मी म्हणजे मीच, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं लागलं. ते झालं आणि सीएकडे गेलो, तर त्यांनी माझ्यावर नवीनच शिक्का मारला: आरएनओआर. म्हणजे रहिवासी, पण सर्वसाधारणपणे रहिवासी नसलेला. मागच्या दहा वर्षांतली नऊ तुम्ही अनिवासी असलात, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात राहिल्याचे दिवस ७२९ च्या वर जात नसले, की प्राप्तिकर कायदा तुम्हाला या खणात ठेवतो. साधारण दोन-तीन वर्षं माणूस तिथं राहतो आणि तेवढ्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथं कर पडत नाही. सीए हे समजावत असताना बायको शेजारी बसून पंख्याकडे बघत होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, ‘घरातही तुझं हेच आहे. राहतोस, पण सर्वसाधारणपणे नाही.’

बँकेत कागद पुढे सरकेपर्यंत खातं गोठलेलं, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याची सोय नाही, अशा अवस्थेत मी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेलो. (गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतो आणि काठावर जाणं म्हणजे ‘गंगेवर’ जाणं, यावर बाहेरच्यांनी वाद घालू नये.) आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी आत्या कधीही मान्य करणार नाही. जर्मनीत रोख रकमेला अजून फार मान आहे. स्टुटगार्टला आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड चालत नसे, आणि पाव घेताना आख्खी रांग शांतपणे पर्समधली सेंटची नाणी मोजत उभी राहायची. मी नाशिक सोडलं तेव्हा यूपीआय नव्हतंच. ते २०१६ ला आलं. तेव्हा माझी दोन्हीकडची सवय खिशात हात घालण्याची.

मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि बाईंपुढे पाचशेची नोट धरली. त्यांनी नोटेकडे पाहिलंच नाही. कोथिंबिरीच्या ढिगाला टेकून ठेवलेल्या क्यूआर कोडकडे बोट केलं.

‘फोनवर नाहीये माझ्या,’ मी म्हटलं.

‘फोन चोरीला गेला?’

‘नाही, जर्मनीहून आलोय. नुकताच.’

‘मग तिकडं नाही हे?’

‘असं नाही. तिकडे पैसेच देतात.’

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. सुट्टे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी मेथी माझ्या पिशवीत टाकली, वर मूठभर कोथिंबीर घातली आणि म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या, पुढल्या बुधवारी द्या.’ मी दोन पावलं गेलो असेन, तर शेजारच्या लिंबूवालीला सांगताना ऐकू आलं, ‘गरीब देश असंल गं.’

गाडी चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय प्रत्येक परतलेला माणूस लिहितो. फक्त वायपरचं सांगतो. तिकडच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डाव्या हाताला आणि वायपरची उजव्या. इथल्या बहुतेक गाड्यांत उलटं. मेंदू नवा रस्ता शिकतो, उजव्याचं डावं करतो, खड्डेही पाठ करतो, पण बोटं काही केल्या ऐकत नाहीत. त्यामुळे ऐन एप्रिलच्या उन्हात, द्वारका चौकात, मी वळायला लागलो की माझी काच खडखडीत कोरडी पुसली जाते. पहिल्या दिवशी मला फार लाजल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की काही बिघडत नाही. ज्यांनी बरोबर इंडिकेटर लावला होता त्यांच्याकडेही कुणी बघत नव्हतं. एकानंच काय ती दखल घेतली. बाइकवरचा कॉलेजचा पोरगा काचेजवळ आला आणि अदबीनं म्हणाला, ‘काका, झाली स्वच्छ. आता वळा.’

रस्ता ओलांडण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात माझी मुलगी आहे. ती जन्मली स्टुटगार्टला. तिकडे पायी चालणाऱ्यानं लाल दिव्यावर रस्ता ओलांडला तर दंड असतो तो अवघा ५ युरो; पण दंडाला कोण भितो? रात्री अकरा वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना तुम्ही पाऊल टाकलंत तरी पलीकडून एखाद्या आजी ‘पोरांनी काय शिकायचं तुमच्याकडून?’ म्हणून तुमची उभ्या उभ्या हजामत करतात. त्या तालमीत तयार झालेलं हे पोर. कॉलेज रोडला मी तिला घेऊन गेलो आणि ती फुटपाथच्या कडेला दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. हिरवा माणूस दिसायची वाट बघत. तिथे सिग्नल नव्हता. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, अजून हिरवा झाला नाही. मी म्हटलं, इथे होतच नाही. तिनं विचारलं, मग ही सगळी माणसं पलीकडे राहायलाच कशी गेली?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही उभे. गाड्या चालल्या आहेत, रिक्षा चालल्या आहेत, उसाच्या रसवाल्याला आमची दया येऊ लागलेली. तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक नऊवारीतल्या आजी आल्या. त्यांनी न विचारता पोरीचा हात धरला, मोकळा तळहात गाड्यांच्या दिशेनं कमरेइतका उचलला आणि चालायला लागल्या. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही. एक बस थांबली. एक मोठी पांढरी मोटार, जी मला कधीही थांबली नसती, थांबली. मधल्या दुभाजकावर आजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दुसऱ्या बाजूच्या वाहतुकीला दुसरा तळहात दाखवला. मी मागोमाग पळालो. माझ्यासाठी मात्र दोघांनी हॉर्न वाजवले.

त्या दिवसापासून मुलगी रस्ता ओलांडताना हात पुढे धरते आणि बेधडक निघते. परवा तिनं हाच हात घरी मला दाखवला. मी तिला गृहपाठाचं विचारायला चाललो होतो.

मुलं लवकर रुळतात असं म्हणतात, ते थोडंसंच खरं आहे. ती आपल्या सोयीनं रुळतात. तिकडे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. तिनं घंटागाडीवाल्या दादांना बाटली दिली आणि हात पसरून उभी राहिली. त्यांना काय हवंय ते कळेना. मी खालमानेनं अर्थ सांगितला. दादा हसले, बाटली ठेवून घेतली आणि तिला गाडीच्या भोंग्याचं बटण दाबायला दिलं. आता ती रोज एक बाटली रिकामी करते.

मला सर्वांत जड गेला तो रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, कारखाने बंद, आणि शांतता तर थेट घटनेत लिहिलेली: १९१९ च्या वायमार घटनेत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला गेला आणि ते कलम आजच्या घटनेतही उचलून घेतलंय. रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी पोलिसांना बोलावू शकतो. सुरुवातीला ती शांतता मला खायला उठायची. कुकरची शिट्टी झाली तरी बायको दचकून गॅस बारीक करायची. मग नकळत ती अंगात मुरली. आणि इथे आल्यावर एका रविवारी, दुपारी अडीचला, आमरस-पुरीनंतर पापण्या जड होत असताना, वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं.

दहा मिनिटं मी सहन केलं. मग शर्ट चढवला. बायको म्हणाली, ‘जाऊ नकोस.’ आई म्हणाली, ‘जाऊ दे त्याला, ओळख होईल.’ मी जिना चढताना वाक्यं जुळवत होतो: आवाजाची वेळ, म्हाताऱ्या माणसांची झोप, परस्परांचा विचार. दार उघडलं. आतून वाळ्याच्या सरबताचा वास, सोफ्यावर उलटं ठेवलेलं शेल्फ, आणि घामाघूम झालेले वरचे भाऊ, एका हातात ड्रिल.

‘या या या!’ ते म्हणाले. ‘बरं झालं आलात. जर्मनीत इंजिनिअर होता ना तुम्ही? बघा बरं, हे सरळ आहे का?’

ते सरळ नव्हतं. डावीकडे चांगलं बोटभर उतरलं होतं. आता हे पाहून गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, असं नाही, आधी खूण करून घ्या, स्पिरिट लेव्हल आहे का? लेव्हल नव्हती, वहिनींनी पारदर्शक बाटलीत पाणी भरून दिलं. अर्ध्या तासानं खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका आवाजाची तक्रार घेऊन वर आले, तेव्हा स्टुलावर उभं राहून ड्रिल मी मारत होतो. त्यांना सरबत मिळालं आणि शेल्फचं दुसरं टोक धरायला मिळालं. घरी आलो तेव्हा साडेचार वाजले होते, अंगावर भिंतीचा पिवळा भुगा होता आणि हातात वहिनींनी दिलेला कैरीचा तक्कू होता. ‘सांगितलंस का त्यांना?’ आईनं विचारलं. मी तक्कू फ्रिजमध्ये ठेवला.

एवढं होऊनही लोक मला धडपणे परत आलेला मानायला तयार नव्हते, आणि त्याला कारण झाला तो जिना. स्टुटगार्टच्या भागात ‘केरवोखे’ नावाची चाल आहे. इमारतीचा जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला एका घराकडे जाते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि तुमचं झालं की ती तुम्ही शेजाऱ्याच्या दाराला लटकवायची. हे खूळ जुनं आहे. प्रत्येकानं आपापली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी, असं त्या शहराच्या १४९२ च्या नियमांतच आहे. १९८८ ला पालिकेनं सक्ती काढली, पण घरमालकांनी भाड्याच्या करारांत ती जपून ठेवली. इतकी वर्षं जिना झाडल्यावर माझं असं झालंय की शनिवारी सकाळी पायरीवर धूळ दिसली की हात शिवशिवतात. एका शनिवारी घरातल्यांची झोपमोड न करता मी झाडू घेतला आणि आमच्या मजल्यापासून तळापर्यंत जिना झाडून काढला.

दहाच्या सुमारास सोसायटीच्या झाडूवाल्या मावशी दारात. डोळ्यांत पाणी. ‘साहेब, माझं काही चुकलं का?’ त्यांना बसवून, चहा देऊन, तुमच्या कामाबद्दल कुणाचीही तक्रार नाही, असं तिघांनी तीन वेळा सांगितलं. त्या गेल्या तोवर चेअरमन काका आले. ते सोफ्याच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले, आणि खूप वेळ चपलांकडे बघून म्हणाले, ‘हे बघा, वेळ प्रत्येकावर येते. मेंटेनन्सचं दोन-तीन महिने मनावर घेऊ नका. कमिटीत मी बोलतो.’ संध्याकाळपर्यंत पुण्याहून आत्येभावाचा फोन आला: माझ्या शाळेत शिपायाची जागा नाही, पण अकाउंटला विचारतो.

तेव्हा वार्षिक सभेत सगळ्यांसमोर खुलासा करायचा, असं मी ठरवलं. सभा रविवारी दहाची. मी पावणेदहाला पार्किंगमध्ये हजर. तिथे खुर्च्या लावणारा वॉचमन आणि मी. नोटीस पुन्हा वाचली तेव्हा खालची ओळ दिसली: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. उपविधीतच तशी तरतूद आहे. जर्मन रेल्वेला सहा मिनिटं, आम्हाला तीस. लाजायचं कारण नाही, दोन्ही देशांनी आपापला उशीर कागदोपत्री नियमित करून घेतलेला आहे. साडेदहाला सगळे एकदम उगवले, जणू जिन्यात दबा धरून बसले होते.

मी उभा राहिलो. जर्मनीतली पद्धत, पाटी, १४९२, सगळं सांगितलं. नोकरीबद्दलही सांगितलं, अंबडच्या कारखान्यात रुजू झाल्याचं. लोक मन लावून ऐकत होते. आणि मग वरच्या मजल्यावरचे भाऊ उठून म्हणाले, कल्पना फार चांगली आहे, मावशींना महिन्यातून दोन रविवार पगारी सुट्टी द्यावी आणि त्या दिवशी आपण घराघरानं आळीपाळीनं जिना झाडावा. टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर. इतक्या वर्षांत एकमतानं मंजूर झालेला हा पहिलाच ठराव, असं सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. पेन्शनर काकांचे गुडघे. दुसऱ्या मजल्यावरच्यांचं मूळ गाव निफाड, रविवारी ते तिकडे. इमारतीतल्या एका सीएच्या घरी मार्चपर्यंत जमणार नाही, आणि मार्चनंतर ऑडिट. भाऊंची कंबर, शेल्फ लावताना धरलेली, ज्याची जबाबदारी थोडीफार माझ्याकडेही येत होती. आठवड्याभरानं नोटीस बोर्डावर तक्ता लागला. सोळा घरं, आणि पहिल्या सहा महिन्यांच्या सगळ्या रविवारांपुढे आमचाच फ्लॅट नंबर. मी चेअरमन काकांकडे गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुम्हाला सवय आहे हो.’

पहिल्या रविवारी मी झाडू घेऊन वर गेलो, तर मावशी इस्त्रीची साडी नेसून, केसात मोगऱ्याचा गजरा माळून, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या होत्या. सोबत नात. मी म्हटलं, ‘मावशी, तुम्हाला सुट्टी आहे ना आज?’

‘हो तर,’ त्या म्हणाल्या. ‘हिला दाखवायला आणलंय. कोपऱ्यातनं घ्या, साहेब, कोपऱ्यातनं. तिथंच साचतं.’